मॉरिशसला पाच जण आणि थंड झालेली चूल

पत्र

ताई, तुमचं सदर मी नेमाने वाचते. या वेळी प्रश्न माझाच आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण सात रात्रींसाठी मॉरिशसला चाललोय. तिकिटं काढून झाली आहेत. अहो अठ्ठावन्नचे, उजवा गुडघा कुरकुरतो. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या, पण ताठ आहेत. मुलगा चोवीसचा, दर शनिवारी पाठीला सॅक लावून कुठल्या तरी गडावर. मुलगी एकोणीसची, पोहता येत नाही आणि समुद्राचं मात्र वेड. एजंटाने नॉर्थ टूर, साउथ टूर, आयलंड टूर असं छापील वेळापत्रक पाठवलंय. ते बघून मुलगा म्हणाला, "ज्वालामुखीच्या बेटावर जाऊन बसच्या खिडकीतून फोटो काढायचे का?" त्याला लाव्हा बघायचाय, ल मॉर्नचा डोंगर चढायचाय, सात धबधबे उतरायचेत, डॉल्फिनबरोबर पोहायचंय आणि रीलमध्ये दिसतो तो 'पाण्याखालचा धबधबा' बोटीतून गाठायचाय. अहोंचं म्हणणं, कुटुंब म्हणून जातोय तर सगळे सगळीकडे एकत्र. सासूबाई म्हणतात, मला हॉटेलात ठेवा नि तुम्ही जा. त्यांचं माहेर गुहागरच्या बाजूचं. पणजोबांचे भाऊ गलबतात बसून 'मिरीच'ला, म्हणजे मॉरिशसला, गेले ते परत आलेच नाहीत, एवढं त्या अधूनमधून सांगतात. रोज रात्री जेवताना वाद होतो. मी काय करू?
— मधल्यामध्ये अडकलेली, डोंबिवली

उत्तर

डोंबिवलीकर ताई,

आधी तुमच्या अहोंशी बोलते. अहो, तुमचं 'सगळे सगळीकडे एकत्र' मी एकदा करून बघितलंय. मॉरिशसच्या माझ्या पहिल्या फेरीत आम्ही आठ जण एका व्हॅनमध्ये होतो. शामारेलला तरुण मंडळी झिपलाइनला गेली, आम्ही मधल्या वयाचे त्यांचे फोटो काढायला गेलो आणि माझी आत्या दार उघडं टाकून दोन तास व्हॅनमध्ये बसून राहिली. परत आलो तर तिने एवढंच विचारलं, "झालं का तुमचं?" त्या प्रश्नात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. त्या दिवशी आम्ही एकत्र होतो असं मला तरी म्हणवत नाही.

मॉरिशसची गंमत अशी की हे बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर आणि रुंदीला ४५. डोंबिवलीहून चर्चगेटला रोज जाणाऱ्या माणसाला ही अंतरं काहीच नाहीत. सकाळी दोन तुकड्या करून दोन दिशांना गेलात तरी दुपारच्या जेवणाला एका किनाऱ्यावर भेटता येतं. दुसऱ्या देशात अशी फाटाफूट मी सुचवली नसती. इथं मात्र तीच सोयीची. तेव्हा सहा दिवसांपैकी तीन सकाळी वेगवेगळ्या, बाकी सगळं एकत्र, असा करार रात्रीच्या जेवणातच करून टाका. आज वरण-भात असेल तर आजच करा.

आता मुलाकडे वळते, कारण अर्धा घोळ त्याच्या लाव्हाचा आहे.

बाळा, मॉरिशसमध्ये लाव्हा नाही. बेट पूर्णपणे ज्वालामुखीतूनच वर आलंय, सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी. पण शेवटचे उद्रेक होऊनही हजारो वर्षं झाली. चूल थंड आहे. ती चूल नेमकी कुठली, हे मात्र तुला सांगायलाच हवं, कारण तू शनिवारी ज्या कातळावर बूट घासतोस तो याच चुलीवरचा. पृथ्वीच्या पोटात एका जागी धगधगणारा एक तप्त बिंदू आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकताना त्याच्यावरून चालला होता, तेव्हा लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. हरिहरच्या पायऱ्या कोरल्या तो कातळ, वेरूळचं कैलास लेणं ज्यात कोरलं तो कातळ, सगळा त्यातला. चूल जागेवर राहिली, वरचा तवा सरकत गेला. पुढे लक्षद्वीप-मालदीवच्या खालची डोंगररांग, मग मॉरिशस, आणि आज तो बिंदू शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे ल मॉर्नचा काळा दगड हा सह्याद्रीचा बराच धाकटा भाऊ. उसाच्या मळ्यांतून जाताना मधोमध काळ्या दगडांचे ढीगच्या ढीग रचलेले दिसतील. जमीन लागवडीला आणताना मजुरांनी हातांनी वेचलेले ते दगड. त्यांतला एक उचलून बघ, घरी उंबऱ्याबाहेर पडलेल्या दगडासारखाच निघेल.

जिवंत ज्वालामुखीच हवा असेल तर तो रियुनियनवर, विमानाने पाऊण तासावर. पितों द ला फुर्नेझ त्याचं नाव, उंची २६३२ मीटर, जगातल्या सगळ्यांत जागत्या ज्वालामुख्यांपैकी एक. २००७ च्या एप्रिलमध्ये तर त्याच्या माथ्याचं विवर तीनशेहून जास्त मीटर खाली खचलं होतं. पण उद्रेकाची चिन्हं दिसली की आतला भाग चालणाऱ्यांना बंद होतो, म्हणजे लाव्हा असतो तेव्हा तो लांबूनच बघायचा. शिवाय रियुनियन हा फ्रान्सचा भाग. मॉरिशसला भारतीय पासपोर्टवर उतरल्यावर मोफत व्हिसा मिळतो, तो तिथं चालत नाही. फ्रान्सचे नियम वेगळे बघावे लागतात. सात रात्रींत पाच जणांनी दोन बेटं करू नयेत असं माझं स्पष्ट मत. कमवायला लागलास की मित्रांना घेऊन फक्त रियुनियनला जा. माफात नावाच्या तिथल्या दरीतल्या वस्त्यांना गाडीरस्ताच नाही. माणसं पायी जातात, सामान हेलिकॉप्टरने. ती सहल आईवडिलांबरोबर करायची नाहीच.

या खेपेला तुझा डोंगर ल मॉर्न. ५५६ मीटर म्हणजे कळसुबाईच्या एक तृतीयांश, असं म्हणून नाक मुरडू नकोस. सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीपासून आहे. पहिला टप्पा झाडीतल्या रुंद कच्च्या रस्त्याचा, तिथून खाली लगूनचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याचे, निळे-हिरवे पट्टे दिसायला लागतात. त्यानंतर मात्र हातापायांवर चढायचा कातळ लागतो. त्याला तू घाबरणार नाहीस, पण रात्री सर पडून गेली असेल तर तो कातळ शेवाळलेल्या विहिरीच्या काठासारखा होतो. स्थानिक वाटाड्या घे, उजाडताना निघ, आणि तो 'इथून मागे' म्हणाला तर हुज्जत घालू नकोस. वाट क्रॉस उभा केलेल्या जागेपर्यंत जाते. खरा माथा त्याच्याही पलीकडे, तिथं जात नाहीत. चढ-उतार मिळून तीन-चार तास लागतील.

आणि वर पोचल्यावर रील काढण्याआधी पाच मिनिटं गप्प बस. हा डोंगर २००८ पासून जागतिक वारसा आहे तो देखाव्यासाठी नव्हे. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यांच्या कपारींत लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी रद्द झाली, ती बातमी सांगायला शिपाई डोंगराकडे आले, वरच्यांना वाटलं पकडायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तिथले लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. १ फेब्रुवारीला तिथं आजही सार्वजनिक सुट्टी असते.

'पाण्याखालचा धबधबा' याच डोंगराच्या पायथ्याशी. तो धबधबा नाहीच. उथळ लगूनची कड जिथं संपते आणि समुद्र एकदम खोल जातो तिथं वाळू आणि गाळ घसरत गेल्याच्या रेषा वरून बघितल्या की पाणी कोसळतंय असा भास होतो. वरून म्हणजे हेलिकॉप्टर किंवा छोट्या विमानातून. बोटीतून काहीही दिसत नाही, बोटीतून तो दाखवतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. हेलिकॉप्टर परवडत असेल तर जा. माझ्या मते त्या पैशांत तुमची अख्ख्या आठवड्याची ड्रायव्हरसकट गाडी व्हावी, पण मुलाच्या डोळ्यांसमोर रील आहे आणि माझ्यासमोर हिशेब, त्यामुळे माझं तो ऐकेलच असं नाही.

सात धबधब्यांबद्दल, म्हणजे आँरिएता गावाजवळून उतरतात त्या तामारिन धबधब्यांबद्दल, मी थोडी कडक बोलणार आहे. वाट दरीत उतरते, वरच्या पठारावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. आपल्याकडे देवकुंडला, कुंभे धबधब्याला काय होतं ते तुम्ही दर पावसाळ्यात बातम्यांत वाचता. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथला सगळ्यांत कोरडा काळ, म्हणून जाऊ नको म्हणत नाही. पण वाटाड्याशिवाय नाही, पठारावर ढग दाटलेले असताना नाही, आणि काळ्या डोहात वरून सूर मारणं तर कधीच नाही. त्या पाण्याखाली कातळ किती खोल आहे ते वरून कळत नाही. ही सकाळ मुलाची एकट्याची. बहिणीला यात ओढू नये.

बहिणीसाठी ल पूस. पूस म्हणजे अंगठा. शिखर खरंच मुठीतून वर काढलेल्या अंगठ्यासारखं दिसतं. ८१२ मीटर, पण मोका-सें पियेरच्या बाजूने गेलं तर चढाई मध्यम, शेवटचा थोडा भाग तेवढा हाताने धरून. चार्ल्स डार्विन बीगल जहाजावरून १८३६ मध्ये इथं उतरला तेव्हा तोही हाच डोंगर चढला होता. वरून एका बाजूला राजधानी पोर्ट लुई आणि बंदर, दुसऱ्या बाजूला उसाचं पठार. तुम्हीही तिच्याबरोबर जा. अहोंच्या गुडघ्याच्या नावाखाली तुमचीच चढायची हौस मारली जातेय, असं तुमच्या पत्राच्या ओळींमधून मला वाटलं. चुकत असेन तर सोडून द्या.

आता गुडघा आणि सासूबाई. इथं तुमच्या घरातली सगळ्यांत मोठी गैरसमजूत दूर करते. ज्वालामुखी बघायचा हक्क फक्त मुलाचा नाही. या बेटावरचं सगळ्यांत सुबक विवर गाडीने जाऊन बघता येतं. क्यूरपिप गावात त्रू ओ सेर नावाची टेकडी आहे. काठापर्यंत डांबरी रस्ता, काठावरून गोल फिरायला सपाट वाट, बसायला बाकं. आत ऐंशी मीटर खोल, तीनशेहून अधिक मीटर रुंद वाडगा. तळाशी थोडं पाणी, बाकी झाडी. सकाळी गावातले म्हातारे तिथं फेऱ्या मारतात, आपल्याकडे तलावपाळीला मारतात तशा. अहो आणि सासूबाई त्यांच्यातच मिसळून जातील. हवा स्वच्छ असेल तर तिथून अर्ध्या बेटाचे डोंगर मोजता येतात. क्यूरपिप उंचावर आहे आणि ओलं आहे, शाल घ्या. खाली किनाऱ्यावर कडक ऊन आणि वर धुकं हे तिथं रोजचंच. त्यातून एक कामाची गोष्ट अशी: सकाळी आभाळ बघून ठरवा. पठारावर पाऊस असला तर पश्चिम किनाऱ्यावर उतरा, तिथं बहुतेक वेळा कोरडं असतं. छापील वेळापत्रकाचा तोटा हाच, त्याला आभाळ दिसत नाही.

दुसरं विवर गंगा तलावाचं. तेही ज्वालामुखीचंच मुख, पाण्याने भरलेलं, पठारावर. पूर्वी त्याला परी तलाव म्हणत. १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून त्यात मिसळलं आणि नाव बदललं. काठावर १०८ फुटी मंगल महादेव उभा आहे. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यांतून लोक पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर कावड घेऊन चालत येतात. तुम्ही दिवाळीत जाताय, तेव्हा शांत असेल. सासूबाईंना पायऱ्यांवर बसून पाण्यात हात बुडवता येईल. हातातलं केळं मात्र लपवा, माकडं आपल्या माथेरानच्या माकडांची सख्खी नातलग आहेत.

या दोन्हींच्या वाटेवर ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाची दरी रस्त्याकडेच्या कठड्यावरून दिसते. तिथं दहा मिनिटांत फोटो काढून निघू नका. आकाशात बघत राहा. मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ मध्ये रानात जेमतेम चार उरल्याचं माहीत होतं. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून तो परत आणला. ज्या बेटाने डोडो कायमचा गमावला त्याच बेटावर हे झालं. ससाणा दिसेलच असं नाही. मला दोन फेऱ्यांत एकदा दिसला, तोही ड्रायव्हरने दाखवला म्हणून.

शामारेलच्या सात रंगांच्या मातीला सगळे जातात, तुम्हीही जाल. बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा कातळ, झिजून माती झाली, त्यातल्या लोहाने लाल-तांबडे आणि अॅल्युमिनियमने निळसर-जांभळे पट्टे उमटले, अशी ती गोष्ट. कुंपणाबाहेरून बघायची, वीस मिनिटं पुरतात. फोटोंइतके रंग भडक नसतात. जवळचा धबधबा जास्त देखणा, काळ्या कड्यावरून सुमारे शंभर मीटर सरळ पडतो आणि बघण्याचा कठडा जवळ आहे. मुलांना झिपलाइन करायची असेल तर करू द्या, पण त्या वेळात बाकीच्यांनी गाडीत बसायचं नाही. गावात छोट्या खानावळी आहेत, तिथं बसा. हे आत्याच्या वतीने सांगतेय.

समुद्राकडे येऊ. मुलीला पोहता येत नाही हे मी तीनदा वाचलं. मॉरिशसच्या जवळजवळ सगळ्या बाजूंनी पोवळ्यांची भिंत आहे, तिच्या आतलं पाणी म्हणजे लगून, शांत आणि बहुतेक ठिकाणी उथळ. पण नदी जिथं समुद्राला मिळते तिथं गोड्या पाण्यात पोवळं वाढत नाही, म्हणून त्या भिंतीत खिंडारं आहेत. ओहोटीला लगूनचं पाणी त्याच खिंडारांतून बाहेर ओढलं जातं. वरून पाणी निवांत दिसतं आणि माणूस बाहेर जातो. तेव्हा नदीच्या मुखाजवळ तिने कमरेपर्यंतही जायचं नाही. दक्षिणेला ग्री ग्रीला तर भिंतच नाही, थेट दक्षिणेचा समुद्र कड्यावर आपटतो. तिथं कठड्यावरून बघायचं, खडकांवर उतरायचं नाही. बाकी फ्लिक आँ फ्लाक, मोंत शुआझी, पेरेबेर इथं लाइफ जॅकेट घालून खुशाल तरंगू दे. ब्लू बे सागरी उद्यानात काचेच्या तळाच्या बोटी आहेत, त्यांत सासूबाईसुद्धा बसतील. साडी नेसूनही बसतात, मी बघितलंय.

पायात रबरी बूट सगळ्यांनी घालायचे, सासूबाईंनीसुद्धा. खडकासारखा दिसणारा एक विषारी मासा उथळ पाण्यात पडून असतो, त्यावर पाय पडला तर वेदना भयंकर. तसं झालंच तर पाय सहन होईल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि लगेच दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका.

डॉल्फिनचं मी नाही म्हणेन. ते रात्रभर बाहेर खोल समुद्रात शिकार करून पहाटे तामारिनच्या खाडीत विश्रांतीला येतात, आणि नेमक्या त्याच वेळी डझनभर बोटी त्यांच्याभोवती रिंगण धरतात. तुम्ही रात्रपाळी करून घरी येऊन आडवे झालात आणि खिडकीत बॅंडबाजा आला, तर कसं वाटेल? बघायचंच असेल तर इंजिन बंद करून लांब थांबणारा नावाडी शोधा आणि बोटीतूनच बघा. उडी नाही. मुलीने तर नाहीच नाही. हेल्मेट घालून समुद्रतळावर चालण्याचा प्रकार एजंट आग्रहाने विकेल. ज्यांना रक्तदाब, हृदय, कान किंवा सायनसचा त्रास आहे त्यांनी तो करू नये. अहोंचं रक्तदाबाचं पत्रात काही नाही, पण अठ्ठावन्न म्हटल्यावर मी विचारते.

इल ओ सेर या छोट्या बेटावर सगळे एकत्र जा. बोट, जेवण, पॅरासेलिंग, वाळू, सगळं एका दिवसात. एजंटाच्या वेळापत्रकातला तेवढा एक दिवस मला मान्य आहे.

राहायला पश्चिम किनारा घ्या, फ्लिक आँ फ्लाक किंवा आसपास. ल मॉर्न, शामारेल, क्यूरपिप, पोर्ट लुई सगळं तासाभराच्या आत, आणि सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. ड्रायव्हरसकट मोठी गाडी एक, आणि वेगळ्या सकाळी मुलासाठी टॅक्सी. तिथं आपल्यासारखंच डावीकडून चालवतात म्हणून तो भाड्याने स्कूटर मागेल. देऊ नका. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना उंच ऊस, संध्याकाळी लवकर अंधार. क्यूरपिपहून पोर्ट लुईला मेट्रो आहे, एकदा तिने जा, बेटाचं रोजचं जगणं खिडकीतून दिसतं. रुपया तिथलाही रुपयाच, पण आपल्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे 'फक्त पाचशे' ऐकून फसू नका. २०२४ पासून तिथं यूपीआयही चालतं. बॅंकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून निघा.

खायचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. रस्त्यावर डाळपुरी मिळते. पिवळ्या डाळीचं सारण भरलेली मऊ पुरी, दोनाची जोडी, आत टोमॅटोचा रस्सा, घेवड्याची उसळ, मिरचीची चटणी. पुरणपोळीची तिखट मावसबहीण म्हणा. 'गातो पिमाँ' म्हणजे डाळीचे छोटे वडे. आलुदा म्हणजे आपला फालुदाच, उन्हात दोन प्यावे. रविवारी सार्वजनिक किनाऱ्यावर स्थानिक कुटुंबं पातेली घेऊन उतरतात, झाडाखाली चटया टाकतात, कुणीतरी डफासारखं रावान वाजवतं आणि आजी लोकसुद्धा सेगा नाचतात. किनारा सगळ्यांचा आहे, तुमचीही चटई टाका. हॉटेलच्या तरणतलावापेक्षा अहोंना हे जास्त आवडेल, माझी पैज.

आणि शेवटचा दिवस सासूबाईंचा. मी हा दिवस एजंटाच्या कागदावर सगळ्यांत वर लिहिला असता. पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलस' जहाजातून आलेले पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, पोर्ट लुईला उतरले. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ साडेचार लाख माणसं या बंदरात उतरली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले आपले कोकणातले लोकही होते. त्यांच्या वंशजांनी मराठी टिकवून ठेवली आहे. गणेश चतुर्थीची तिथं सार्वजनिक सुट्टी असते, गणपतीपुढे झाकरी नाचतात, तीच आपली रत्नागिरीकडची जाखडी. घरात बोलली जाते ती क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, पण शाळेत मराठी शिकता येते. तुमच्या तारखा २ नोव्हेंबरच्या जवळ असतील तर तो दिवस चुकवू नका, त्या दिवशी देशभर सुट्टी असते आणि घाटावर कार्यक्रम असतो.

त्या दिवशी कुणी कुठेही वेगळं जायचं नाही. मुलाचे डोंगर झालेले असतील, मुलीचा समुद्र झालेला असेल, तेव्हा त्यांना तिथं उभं राहवेल. पायऱ्या थोड्या आहेत, सासूबाईंना नातवाने हाताला धरून वर न्यावं.

मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथं या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण, आणि नंतरच्या काळातल्या काहींचे फोटोसुद्धा. थेट जाऊन दार ठोठावू नका. निघण्याच्या महिनाभर आधी त्यांना लिहून विचारा. त्यासाठी सासूबाईंजवळ एक संध्याकाळ बसून त्या पणजोबांच्या भावाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, गाव, जवळचं बंदर, गेला तेव्हा लग्न झालं होतं की नाही, असं आठवेल ते सगळं एका कागदावर उतरवून घ्या. आडनावावर भिस्त ठेवू नका. तिकडे बऱ्याच घरांत आजोबांचं पहिलं नावच पुढे आडनाव झालंय. नाव रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी लिहून ठेवा, कारण कारकुनाने जसं ऐकलं तसं टिपलंय, आणि गुहागरचं स्पेलिंग त्याला माहीत नव्हतं.